डिपॉझिटसाठी स्ट्रेचरवर गेलेली 40 मिनिटं

प्रश्न : (रामबाग, इंदूर) भाच्याला बायपासवर कारनं उडवलं, मांडीचं हाड मोडलं. रिक्षावाल्यानं जवळच्या खासगी रुग्णालयात नेलं. तिथे सलाइन लावलं आणि 50 हजार डिपॉझिट व पोलिसांचा कागद आणा म्हणत 40 मिनिटं ताटकळत ठेवलं. शेवटी सरकारी एम.वाय. रुग्णालयात हलवलं. आता तो बरा आहे. 18 दिवस झाले. रुग्णालयावर दावा लागेल का?

उत्तर : लागेल, ग्राहक आयोगात. पण आधी सीसीटीव्ही. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. त्या तारखेचं, कॅज्युअल्टी आणि गेटचं चित्रण जपून ठेवा, असं पत्र आजच स्पीड पोस्टानं रुग्णालयाला पाठवा. प्रत पोलिस ठाण्याला आणि सीएमएचओला (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी). पार्किंगची पावती, 108 ला केलेल्या फोनची नोंदही जपा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 134 स्वच्छ आहे : ड्यूटीवरच्या डॉक्टरनं कागदोपत्री सोपस्कारांसाठी न थांबता उपचार सुरू करायचे. परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1989 मध्येच हे बजावलंय. पोलिसांना कळवणं रुग्णालयाचं काम, मामाचं नव्हे.

‘दाखलच केलं नाही, मग ग्राहक कसला?’ हा रुग्णालयाचा ठरलेला बचाव. तुमच्याकडे त्याला उत्तर आहे ते सलाइन : सेवा सुरू झाली होती. कोलकात्यात 15 हजार भरले नाहीत म्हणून उपचार मध्येच थांबवले, जखमी विद्यार्थी दगावला. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 10 लाख द्यायला लावले.

खरी कसोटी नुकसानीची. मांडीचं हाड मोडलं की बाहेर थेंब न दिसता लिटरभर रक्त आत साचू शकतं. म्हणून एम.वाय.मध्ये पोचतानाचा रक्तदाब, नाडी, किती पिशव्या रक्त चढवलं, हे केस पेपरवरून काढा. लेखी अर्ज दिल्यावर 72 तासांत कागद मिळायला हवेत. रक्तदाब ठीक असेल तर भरपाई थोडकीच. मग सीएमएचओकडची तक्रार जास्त कामाची. ग्राहक आयोगासाठी 2 वर्षं आहेत. कारवाल्याविरुद्धचा दावा अपघात दावा न्यायाधिकरणात, तो मात्र 6 महिन्यांत लावा.

रिक्षावाल्यावर साक्षीसाठी जोर करू नका. नाव-पत्ता द्यायचा की नाही, हे कायद्यानं त्याच्याच मर्जीवर सोडलंय. आपणहून आला तर उत्तम. ती 40 मिनिटं त्यानंही पाहिलीत.