आहेराच्या यादीत हरवलेलं बऱ्हाणपूर

प्रश्न : मी इंदूरला राजेंद्रनगरात राहते. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. भाचा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्याचं सी या प्रोग्रामिंगच्या भाषेचं पुस्तक बघून मीही शिकायला बसले. सरावासाठी घरातल्या आहेराच्या जुन्या वह्या एका टेक्स्ट फाइलमध्ये उतरवल्या. ओळीत आधी कार्य, मग वस्तू, नाव आणि शेवटी गाव. काही ठिकाणी गावापुढे शेरा. शोधायचा शब्द दुसऱ्या छोट्या फाइलीत ठेवते, निकाल तिसऱ्या फाइलीत घेते. बऱ्हाणपूरच्या 11 नोंदी आहेत, मी स्वतः मोजल्यात. प्रोग्राम 5 ओळी देतो, त्यात शेवटची दोनदा! ओळींची सुरुवात कापलेली, मध्येच चौकोन. भाचा म्हणतो, "मावशी, कंट्रोल-एफ दाब की." पण मला दाबायचं नाहीये, शिकायचंय. कुठे चुकतंय?

उत्तर : ताई, दाबू नकाच. तुम्ही प्रोग्राम आणि फाइल दोन्ही पाठवलंत ते उत्तम केलंत. "चालत नाही हो" एवढंच लिहिलेली पत्रं ढिगाने येतात, त्यांना मी काय उत्तर देणार! खजुरी बाजाराजवळ दोन खोल्यांत मी टर्बो सीचे, म्हणजे सी चालवायच्या जुन्या सॉफ्टवेअरवरचे, वर्ग घ्यायचो, तेव्हापासून या चुका माझ्या ओळखीच्या आहेत. एक मात्र नवी निघाली, ती शेवटी सांगतो.

दोनदा येणाऱ्या ओळीचं आधी उरकू. तुमचं व्हाइल, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा फेरा, 'फाइल संपली नाही तोवर' असं एफ-ई-ओ-एफला (फाइल संपली का ते सांगणाऱ्या फंक्शनला) विचारून फिरतं. रात्री सराफ्यात गराडूवाल्याकडे गेलात, तर मागितल्याशिवाय तो "संपले" म्हणत नाही ना? एफ-ई-ओ-एफचंही तसंच. आणखी एक ओळ वाचायला गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो, की मगच ते फाइल संपल्याचं सांगतं. तोवर हातात आधीचीच प्लेट असते आणि प्रोग्राम तीच पुन्हा मोजतो. म्हणून ते एफ-ई-ओ-एफ काढून टाका आणि व्हाइलच्या कंसात थेट एफ-गेट्स, म्हणजे फाइलीतली एकेक ओळ वाचणारं फंक्शन, लिहा. त्याने नल, म्हणजे 'काही नाही', दिलं की थांबायचं.

म्हणजे खऱ्या ओळी 4 सापडल्या, 7 राहिल्या.

त्यातल्या तिघींच्या पुढे शेरा आहे: 'परत केलं', 'फेडलं' वगैरे. एफ-गेट्स ओळ वाचताना शेवटी दाबलेलं एंटरही उचलून आणतं. तुमचा शोधायचा शब्दही एफ-गेट्सनेच वाचलाय. त्यामुळे तुम्ही नुसतं बऱ्हाणपूर शोधत नव्हता, बऱ्हाणपूर आणि त्याला चिकटलेलं एंटर शोधत होता. गावापाशी ओळ संपली तरच जुळणार, शेरा आला की बिनसलं. शब्द वाचून झाल्यावर त्याचं शेवटचं अक्षर बॅकस्लॅश-एन, म्हणजे ते एंटर, आहे का बघा. असेल तर त्या जागी बॅकस्लॅश-शून्य, म्हणजे 'शब्द इथे संपला' ही खूण, ठेवा.

आता कापलेल्या ओळी. तुम्ही ओळीसाठी 80 जागांचा कॅर ॲरे, म्हणजे एकेका बाइटच्या खणांची रांग, घेतलाय. पुस्तकात तसाच असतो आणि इंग्रजीला पुरतोही. पण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे तुमची फाइल ज्या पद्धतीने अक्षरं साठवते तीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, वेलांटी, हलंत, सगळी वेगळी मोजायची. बऱ्हाणपूर लिहायला 9 चिन्हं लागतात, झाले 27 बाइट. 80 मधली एक जागा शेवटच्या शून्याची, उरल्या 79. एवढ्यात 'सुधाचं लग्न, स्टीलचा डबा' इथवर येतानाच दम लागतो. पुढची ओळ दुसऱ्या खेपेला येते, कधी कधी तर अक्षराच्या मधूनच तुटून. तुमचे ते चौकोन म्हणजे हीच तुटकी अक्षरं. दोन नोंदींत तर खुद्द बऱ्हाणपूरच दोन तुकड्यांत वाटलं गेलंय. 80 चे 2000 करा. आजच्या मशीनला काही फरक पडत नाही.

तरी 9 च होतात. मी चहा दोनदा गरम करून प्यायलो तेव्हा कुठे उरलेल्या 2 सापडल्या. त्या ओळी भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर टाइप केल्या होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. दोन्हीकडचं बऱ्हाणपूर पडद्यावर अगदी सारखं दिसतं. एस-टी-आर-लेन या बाइट मोजणाऱ्या फंक्शनला लांबी विचारली, तर तुमचं 27 बाइट आणि त्याचं 30. तुम्ही इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ घेतलात, पुढे हलंत. त्याच्या कळफलकाने साधा र, हलंत आणि एक न दिसणारा जोडक टाकलाय. आपल्या या अर्ध्या र ची दोन रूपं फाइलीत अशी शेजारी शेजारी नांदतात आणि डोळ्यांना पत्ता लागत नाही. सातवीच्या वर्गात चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही लांबून पकडला असेल, हे मात्र तुमच्याही हाती लागलं नसतं.

यावर माझा इंदुरी जुगाड: अख्खं गाव शोधूच नका. 'हाणप' एवढंच शोधा. ते दोन्ही रूपांत सारखं आहे, शिवाय 'बऱ्हाणपुरच्या आत्या' असं लिहिलं असेल तर ऊकाराचा उकार झाला तरी सुटत नाही. मराठीत शब्दाचं शेपूट बदलत राहतं, तेव्हा शोधताना शेपूट सोडून द्यावं.

ओळीत शब्द शोधणारं, इंग्रजीच्या काळातलं एस-टी-आर-एस-टी-आर हे फंक्शन मराठीत मुळात चालतंच कसं, असाही प्रश्न तुम्ही समासात लिहिलाय. यूटीएफ-8 ची रचनाच अशी आहे, की एका अक्षराचे बाइट दुसऱ्याच्या मधोमध चुकून जुळत नाहीत. ही रचना 1992 मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरायच्या कागदावर मांडली. फाइलींत शब्द शोधणारा, युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा ग्रेप हा प्रोग्रामही याच थॉम्प्सनचा.

दुरुस्त करून चालवला, 11 च्या 11 आल्या. सातव्या ओळीत 'पितळी कढई, परत द्यायची राहिली' असं आहे. ती गेली का, तेवढं कळवा.