घर पुतण्याच्या नावावर करावं का?

नमस्कार काकू,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. काका डाक विभागातून निवृत्त, वय ७१. तुम्ही ६६. मुलगा ३४ वर्षांचा, त्याला डाउन सिंड्रोम आहे. थोरली लेक पुण्याला. सुदामानगरात स्वतःचं घर, वरच्या मजल्याचं भाडं १२,०००, बँकेत २६ लाखांच्या एफडी. दिरांचा मुलगा म्हणतो, "काकू, घर माझ्या नावावर करा, त्याला मी जन्मभर सांभाळतो," आणि पुढच्या आठवड्यात बक्षीसपत्राची तारीख ठरली आहे.

ती तारीख रद्द करा.

पुतण्या खोटं बोलतोय असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुलाला रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा त्याला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेणारा तोच, हे तुम्हीच लिहिलंय. पण बक्षीसपत्र एकदा झालं की घर त्याचं. ते त्याच्या कर्जात अडकू शकतं. उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर ते त्याच्या बायकोमुलांचं होईल, आणि शब्द दिला होता तो त्याने, त्यांनी नव्हे. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७च्या कायद्यात सांभाळ न केल्यास असं बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, हे कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. पण ती सोय तुमच्या सांभाळासाठी आहे. तुमच्या मागे मुलासाठी ती कोण वापरणार?

माझं म्हणणं एवढंच, की मुलाला सांभाळणारा आणि त्याचा पैसा धरणारा, ही दोन माणसं वेगळी असू द्या.

लेकीने सुचवलेला दुसरा मार्ग, म्हणजे घर आणि एफडी सरळ भावाच्या नावावर करणं, प्रेमापोटीच सुचवलाय. त्यातही एक खड्डा आहे, आणि तो फार थोड्यांना दिसतो. काका केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांच्यामागे कौटुंबिक पेन्शन तुम्हाला मिळेल आणि तुमच्यामागे मुलाला, तीही आयुष्यभर. वयाची २५ वर्षांची अट कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला लागू नाही. शेवटचा मूळ पगार ५०,००० धरला तर ३० टक्क्यांनी १५,००० होतात. त्यावर महागाई भत्ता ५५ टक्के धरा, म्हणजे साधारण २३,०००. हा आकडा महागाईबरोबर वाढत जाणारा आहे, एफडीचं व्याज तसं वाढत नाही. मात्र अट अशी, की मुलाचं स्वतःचं इतर उत्पन्न या रकमेपेक्षा कमी हवं. आता १२,००० भाडं आणि २६ लाखांवरचं ७ टक्क्यांनी महिन्याचं १५,००० व्याज त्याच्या नावावर चढवा. झाले २७,०००. म्हणजे त्याच्या भल्यासाठी केलेल्या कागदानेच त्याची पेन्शन जाईल. काका आहेत तोवरच वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून मुलाचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या मंजुरी आदेशात, घालून घ्या. बाकी काही लांबलं तरी चालेल, हे लांबवू नका.

पत्रातली एक ओळ मनातून जात नाही. "देवाला म्हणते, याला माझ्या डोळ्यांदेखत ने, आणि मग घाबरते, की आई असून हे काय मागून बसले." काकू, असं मागणाऱ्या आया माझ्यासमोर खुर्चीत बसून रडल्या आहेत. त्यात पाप नाही. आपल्यामागे त्याचं नीट होईल असा भरवसा नसला की आई हेच मागते. तो भरवसा बराचसा कागदावर उभा करता येतो.

लहानपणी डॉक्टर म्हणाले होते, वीस-पंचवीस वर्षं. तो काळ गेला. नीट उपचार मिळाले तर साठीपर्यंत जगणं आता नवलाचं नाही. पण या मुलांना अल्झायमर लवकर गाठतो, पुष्कळदा पन्नाशीतच, आणि मग चोवीस तास माणूस लागतं. आज त्याचा महिन्याचा खर्च १८,००० असेल तर ६ टक्के महागाईने २५ वर्षांनी ७७,००० होईल. म्हणून घर हातचं घालवायचं नाही.

करायचं असं. मुलासाठी एक खासगी ट्रस्ट, आणि तुम्हा दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं. तुमच्यामागे घर आणि ठेवी ट्रस्टकडे जातील. विश्वस्त तीन: लेक, पुतण्या आणि घराबाहेरचं एक जाणतं माणूस. पैसे काढायला दोन सह्या. मुलाचा त्या घरात राहण्याचा हक्क स्पष्ट लिहा. पुतण्याला दरमहा ठरावीक मानधन द्या आणि दरवर्षी ते वाढवा. मुलाच्या मागे घर पुतण्याचं, असं मात्र लिहू नका. मुलगा जितका जगेल तितकं सांभाळणाऱ्याला बरं, अशीच व्यवस्था हवी. मसुदा करताना वकिलाला पेन्शनची उत्पन्नाची अट आधी सांगा.

मुलगा १८चा झाला तेव्हाच कायद्याने तुमचं पालकत्व आपोआप संपलं, हे बहुतेक आईवडिलांना बँकेच्या काउंटरवर कळतं. नॅशनल ट्रस्ट ही अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिच्या १९९९च्या कायद्याखाली कलेक्टरसाहेबांची स्थानिक समिती पालक नेमून देते. आज तुम्ही व्हा, पुढे पुतण्या अर्ज करील. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. पुतण्यालाही तेच बरं, उद्या कुणी बोट दाखवणार नाही. त्याच नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा एक लाखापर्यंतचा आहे, त्याला आधी तपासणी लागत नाही. तो काढलाच नसेल तर लगेच काढा.

आणि एक वही घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. पोह्यांवर जीरावण मसाला नको, शेव वेगळ्या वाटीत. सुतळी बॉम्बचा आवाज झाला की कपाटामागे जाऊन बसतो, ओढून काढायचं नाही, जवळ बसायचं. तुम्ही लिहिलंय, रोज सकाळी तो दाराशी पिशवी घेऊन उभा राहतो आणि दुधाचे सुटे पैसे स्वतःच्या हाताने देतो. ते त्याच्याच हातात राहावं, हेही लिहा. असल्या गोष्टी कुठल्याच मृत्युपत्रात नसतात.

सही करण्याआधी पंधरा दिवस लेकीकडे पुण्याला जाऊन या, मुलाला पुतण्याकडे ठेवून. तीन पानी पत्रात मुलगा काय म्हणतो हे मला कुठेच दिसलं नाही. आल्यावर त्यालाच विचारा, तिथे झोप लागली का, जेवायला काय होतं, परत जाशील का. तो सांगेल ते वहीत पहिल्या पानावर लिहा, आणि मग वकिलाची वेळ घ्या.