‘कोसला’ पन्नास पानांत सोडावीशी वाटतेय. यात कुटुंब, गाव, स्वतःचा शोध असं नक्की काय आहे?

सोडू नका, निदान नायकाच्या बहिणीच्या, मणीच्या मृत्यूपर्यंत तरी वाचा. भालचंद्र नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ची. तोवर मराठी नायक बहुतेक करून काहीतरी मोठं करायचा. हा पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्यात शिकायला येतो आणि हात हलवत घरी परततो. एवढंच कथानक. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ म्हणून वाचलंत तर कंटाळा येणारच!

वाचताना बापाकडे लक्ष ठेवा. गावात वजन असलेला, हिशेबी शेतकरी. मुलगा हॉस्टेलात मेस सेक्रेटरी होऊन मोठेपणा मिरवतो, मित्र त्याच्या जिवावर चैन करतात, पैसे बापाचे. दोघांचं कधीच पटत नाही, पण तुटतही नाही. आपल्याकडच्या किती घरांत हेच चालू असतं, बघा.

मग मणी, धाकटी बहीण. देवीच्या रोगाने ती जाते. आधीचा सगळा टवाळ सूर इथे गळून पडतो. पांडुरंगाचा राग घरावर, रूढींवर, देवावर सगळीकडे जातो, आणि आधीची थट्टा कशावर पांघरूण घालत होती ते कळतं. माझ्या मते कादंबरीचा कणा हाच भाग. शेवटची गावातली पानं मला जरा लांबलेली वाटतात, ‘कोसला’ची भक्त मंडळी रागावतील, पण असो.

एका बैठकीत संपवू नका. रोज वीस-पंचवीस पानं, शक्य तर मोठ्याने. तिचा विनोद कानाला लवकर सापडतो.