युद्धक्षेत्रातील रुग्णालयात सेवेला निघालेल्या विद्यार्थिनीस

प्रिय मुली,

सप्रेम जय ख्रिस्त.

युद्धक्षेत्रातील ख्रिस्ती रुग्णालयात स्वयंसेवक परिचारिका म्हणून जाण्याचे पाचारण आपल्याला झाले आहे, असे तू लिहितेस. त्याविषयी मला शंका नाही. मात्र पाचारण तुला झाले आहे. तुझ्यापुढे स्ट्रेचरवर येणारा माणूस आसपास दुसरा दवाखाना उरलेला नाही म्हणून तुझ्याकडे येणार आहे, आणि हा फरक तुला रोज सांभाळावा लागेल.

इराकमधील मोसुलचेच पाहा. ऑक्टोबर 2016 मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ या दहशतवादी संघटनेच्या ताब्यातून ते शहर परत घेण्याची इराकी सैन्याची लढाई सुरू झाली आणि जखमींना वेळेत शस्त्रक्रिया मिळेना, तेव्हा ‘समॅरिटन्स पर्स’ या अमेरिकी ख्रिस्ती संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने शहराच्या पूर्वेकडील मैदानात तंबूंचे रुग्णालय उभारले. जानेवारी 2017 पासून तेथे रुग्ण येऊ लागले. (बायबलमधला संदेष्टा योना ज्या निनवेला जायला तयार नव्हता, ते प्राचीन निनवे याच मोसुलच्या जागी होते.) जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2018 मध्ये मोसुलच्या एकूण उपचारव्यवस्थेचा आढावा घेतला, तेव्हा अनेकांचे प्राण वाचल्याचे नोंदवूनही, लढणाऱ्या एका पक्षाच्या इतक्या जवळ राहून काम करताना तटस्थता कितपत टिकते, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. माझ्या मते ते रुग्णालय उभे राहिले हे योग्यच झाले, परंतु तो प्रश्न त्यामुळे मिटत नाही, आणि ज्या संस्थेला तो विचारलेला खपत नाही तिच्याबरोबर तू जाऊ नयेस.

अशा ठिकाणी हवाई हल्ल्यात भाजलेल्या मुलाशेजारच्या खाटेवर पहाऱ्यातला शत्रुपक्षाचा सैनिक असू शकतो. 1949 च्या पहिल्या जिनिव्हा कराराचे 12 वे कलम स्पष्ट आहे: उपचारांचा क्रम केवळ वैद्यकीय निकडीवर ठरतो. त्याचा रक्तस्राव अधिक असेल तर आधी त्याच्याकडे जायचे, मग मुलाची आई तुझ्याकडे कशीही पाहो.

युद्धातील जखमेची शिस्तही नव्याने शिकावी लागेल. गोळीने किंवा स्फोटाने झालेली जखम शस्त्रक्रियागृहात धुऊन, मृत मांस काढून, बहुधा टाके न घालता उघडीच ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी ती तेथेच पुन्हा पाहून बंद करतात. मधल्या दिवसांत वरची पट्टी काळपट होते, वास येऊ लागतो, नातेवाईक बदलण्याचा आग्रह धरतात आणि येथल्या वॉर्डात रोज ड्रेसिंग करण्याची सवय असलेल्या तुझा हातही शिवशिवतो. तरी ती उघडायची नाही. ताप चढला, वेदना वाढत गेल्या किंवा रक्त झिरपत राहिले, तर सर्जनला बोलवायचे. एरवी वरून आणखी कापूस बांधून थांबायचे. सेवेची उमेद घेऊन गेलेल्या माणसाला हे थांबणे फार जड जाते.

प्रार्थनेविषयी तू विचारले आहेस. ती सहकाऱ्यांसोबत, पाळी सुरू होण्यापूर्वी, हवी तेवढी कर. खाटेशी मात्र आपण होऊन विषय काढू नकोस. दुभाष्यामार्फत ‘प्रार्थना करू का?’ असे विचारलेस तर रुग्ण बहुधा मान डोलावेल, कारण त्याची सलाईन तुझ्या हाती आहे. अशा होकाराला मी संमती मानत नाही. मदतीचा उपयोग कोणत्याही धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी करू नये, असे रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांच्या 1994 च्या आचारसंहितेत म्हटले आहे. पाळकसाहेबांना हे पटणार नाही, असे तुला वाटते. त्यांच्यासमोर लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय उघड: येशूच्या दृष्टांतातला चांगला शोमरोनी वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, पण त्या जखमी माणसाशी तो बोलल्याचा एक शब्दही तेथे नाही. तो बोलतो तो उतारशाळेच्या रखवालदाराशी, आणि तेही खर्चाविषयी.

रुग्णांसोबत छायाचित्रे काढू नकोस, मंडळीच्या वार्तापत्रासाठी मागितली तरीही.

अर्ज पाठवण्यापूर्वी संस्थेकडून लेखी उत्तरे घे: सुरक्षेचा निर्णय कोणाच्या हाती आहे, माघारीची वेळ आली तर खाटेवरच्या रुग्णांचे काय होणार, आणि परतल्यावर तुझी झोप उडाली तर उपचारांचा खर्च कोण देणार. उत्तरे आली की मला पाठव. तोवर हिपॅटायटिस बीच्या लसीचा एखादा डोस राहिला असेल तर तो घेऊन टाक.

तुझी,
ट्यूटर