निवडून आलेल्या पोलिस कमिशनरवर नजर कोणाची?

प्रश्न: नमस्कार भाऊ. माझा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलाय, स्विंडनला असतो. २०२४ च्या मे महिन्यात तिथे पोलिस कमिशनर निवडायचं मतदान झालं म्हणाला. पोलिसांचा साहेब मतं मागून येणार, म्हणजे पक्षाचाच माणूस ना? त्याला आवरतं कोण? आणि असं गोव्यात आणलं तर?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: काका, आधी एक सांगतो, हा आपल्या मुंबई-पुण्यातल्या आयपीएस आयुक्तासारखा नाही. त्याला वर्दी नसते, तपासात तो हात घालत नाही, ते काम चीफ कॉन्स्टेबलचं, म्हणजे तिथल्या पोलिस दलाच्या प्रमुखाचं, पण त्या चीफला नेमायचं, काढायचं, बजेट ठरवायचं आणि लोकांकडून पोलिसांसाठी किती कर घ्यायचा ते हा ठरवतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ ला पहिल्यांदा निवडणूक झाली तेव्हा जेमतेम पंधरा टक्के लोकांनी मत टाकलं. बहुतेक जण पक्षाच्याच तिकिटावर उभे राहतात, तुमची शंका बरोबरच आहे.

त्याच्यावर नजर ठेवायला प्रत्येक भागात एक पॅनल असतं, तिथल्या कौन्सिलांचे (आपल्या नगरपालिकांसारख्या संस्थांचे) निवडून आलेले सभासद, निदान दहा, आणि बाहेरचे दोघे. बैठका लोकांसमोर होतात, कमिशनरला येऊन उत्तरं द्यावी लागतात. कराचा आकडा किंवा नवा चीफ पॅनल अडवू शकतं, पण दोन तृतीयांश मतं लागतात, आणि कर एकदा अडवला की सुधारून आणलेला आकडा परत अडवता येत नाही. कमिशनरला घरी मात्र पाठवता येत नाही, आणि मला हीच सगळ्यात मोठी खोट वाटते. २०१४ ला साऊथ यॉर्कशायर भागातल्या रॉदरहॅम गावातल्या मुलींच्या लैंगिक शोषणाचा अहवाल आला, अंदाजे चौदाशे मुलं, आणि साऊथ यॉर्कशायरचा कमिशनर शॉन राइट आधी त्याच रॉदरहॅमच्या कौन्सिलमध्ये मुलांचं खातं सांभाळायचा. सगळीकडून राजीनामा द्या म्हणत होते, त्याचा स्वतःचा पक्षसुद्धा, तरी तीन आठवडे तो खुर्चीत बसून होता आणि पॅनलच्या हातात काही नव्हतं. त्या पोरींच्या आईबापांना काय वाटलं असेल! शेवटी तो आपणहून गेला. आता तिथल्या सरकारनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय की मे २०२८ ला ही पदं बंद, काम मेयर नाहीतर कौन्सिलच्या पुढाऱ्यांकडे जाणार.

म्हणून गोव्यात हे आणूया असं मी म्हणणार नाही. चार वर्षांनी एकदा मत दिलं म्हणजे नजर ठेवली असं होत नाही, मधल्या काळात विचारणारा आणि थांबवणारा कोणीतरी हवा, आणि तो कागदावर आपल्याकडे आहे की! प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ ला सांगितलं, राज्यात आणि जिल्ह्यात पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकायला स्वतंत्र प्राधिकरण हवं, वर निवृत्त न्यायाधीश, आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक. बंधनकारक म्हटल्यावर पॅनलपेक्षा हे जास्त धारदार हत्यार झालं, पण वापरलं तर. गोव्यात राज्याचं प्राधिकरण आहे, पण पोलिस ठाण्यात कोणाला मारहाण झाली की लोक आधी आमदाराच्या घरी धावतात.

आमदाराकडे जाच, पण त्यांना विधानसभेत एलएक्यू, म्हणजे आमदाराने सरकारला विचारायचा प्रश्न, टाकायला सांगा: प्राधिकरणाकडे वर्षात तक्रारी किती आल्या, शिफारशी किती झाल्या, त्यातल्या किती अंमलात आणल्या. उत्तर लेखी मिळतं, ते आम्हाला पाठवा, आम्ही छापू.