व्हॅन बुक करण्याआधी

घरदुरुस्तीच्या कामांची फ्रँचायझी घेणार असशील तर करारातलं एक कलम दहा वेळा वाच: रॉयल्टी, म्हणजे कंपनीला द्यायचा वाटा, विक्रीवर आहे की नफ्यावर? बहुतेकदा ती विक्रीवरच असते, वर त्या रॉयल्टीवर 18 टक्के जीएसटी. म्हणजे काम तोट्यात गेलं तरी वाटा द्यायचाच. मी पहिल्या वर्षी इथेच मार खाल्ला. कोटेशन देताना मटेरियल धरलं, मजुरी कमी लावली. हातात उरली ती पुट्टीची रिकामी पोती.

गाडी म्हणशील तर मारुतीची ईको कार्गो व्हॅन पुरे. फक्त खाजगी पासिंगची गाडी धंद्याला लावू नकोस, अपघात झाला की क्लेम अडतो. आत रॅक मारून घे. स्क्रू शोधण्यात दहा मिनिटं गेली की ग्राहक आपलं पाणी जोखतो.

बाकी आपला दिवस सोसायट्या ठरवतात. दुपारी ड्रिल बंद, रविवारी तर विचारूच नकोस. गेटवर आधी चौकशी कर. वॉटरप्रूफिंगचे फोन मात्र पहिला पाऊस पडल्यावरच येतात, तेव्हा गच्ची चिंब असते! ओल्या स्लॅबवर कोट मारलास तर तो पापुद्र्यासारखा सुटतो आणि वॉरंटी तुझ्या गळ्यात. एप्रिललाच जुन्या ग्राहकांना स्वतः फोन लाव.