गाडीची जुनी बॅटरी सोलरला जोडावी का?

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीची क्षमता आता नव्याच्या ७२ टक्क्यांवर आलीय, रेंज कमी पडते म्हणून बदलायचा विचार चाललाय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो जुनी देऊन टाकू नका, आतले मॉड्यूल (सेलचे गठ्ठे) काढून सोलर इन्व्हर्टरला जोडून देतो, रात्रभर घर चालेल. खरंच चालेल का, की उगाच घरात संकट?

उत्तर : घर चालेल यात शंका नाही. समजा पॅक (गाडीची अख्खी बॅटरी) ४० किलोवॅट-अवरचा म्हणजे ४० युनिटचा होता, तर ७० टक्क्यांवरही त्यात २८ युनिट मावतात आणि गाडी जोरात पळवताना ८०-१०० किलोवॅट ओढते तिथे घर दोन-तीन किलोवॅटच्या वर क्वचित जातं, म्हणजे बॅटरीला हे काम अगदीच हलकं. अ‍ॅमस्टरडॅमच्या योहान क्रायफ स्टेडियममध्ये २०१८ पासून १४८ निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्यांएवढी सिस्टिम आहे, त्यात नव्या आणि वापरलेल्या दोन्ही आहेत. अमेरिकेत नेवाडात रेडवुड मटेरियल्स या बॅटरी रिसायकल करणाऱ्या कंपनीने २०२५ मध्ये जुन्या बॅटऱ्यांवर ६३ मेगावॅट-अवरचा साठा उभा करून डेटा सेंटरला वीज दिली.

पण मेकॅनिकला माझं उत्तर नाहीच असेल. ७२ हा आकडा सरासरीचा असतो हो, आत शेकडो सेल आणि सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेल्यांत) जो सगळ्यात कमजोर तोच आधी रिकामा होतो आणि चार्जिंगला आधी तोच भरतो, गाडीत हे सगळं बीएमएस (प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सांभाळत होतं आणि मॉड्यूल सुटे केले की तो पहारेकरीच गेला. त्यात इन्व्हर्टरचं सेटिंग लेड-अ‍ॅसिडचं राहिलं तर इक्वलायझेशनच्या (सगळे सेल सारखे भरण्याच्या) नावाखाली तो व्होल्टेज वर नेतो, लिथियमला ते चालत नाही, सेल तापतो, एक पेटला की शेजारचेही पेटतात आणि ती आग विझवायला फार अवघड. शिवाय अख्खा पॅक ४०० व्होल्ट डीसीच्या आसपास असतो, गाडी बंद असली तरी सेलमध्ये व्होल्टेज असतंच, त्यामुळे ट्रेनिंग नसलेल्याने तो उघडणं म्हणजे जिवाशी खेळ.

ज्यांचा हा धंदा आहे ते आधी प्रत्येक पॅकची कपॅसिटी आणि इंटर्नल रेझिस्टन्स (आतला विजेला होणारा अडथळा) मोजतात, अ‍ॅक्सिडेंट झाला होता का, पाण्यात बुडाली होती का, सारखं फास्ट चार्जिंग झालं का ते बघतात, कारण काही बॅटऱ्या वर्षानुवर्षं हळूहळू उतरतात आणि एका टप्प्यानंतर धाडकन कोसळतात, तुमची त्या टप्प्याच्या अलीकडे की पलीकडे हे नुसत्या टक्क्यांवरून कळत नाही. या तपासणीलाच पैसा जातो. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून गाड्यांच्या नव्या बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट (बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद) लागणार आहे, हा इतिहास हाताशी आला तर निवड सोपी होईल.

आणि मुळात ७२ टक्के म्हणजे बॅटरी संपली असं कोण म्हणालं? रोजचं जाणं-येणं निघत असेल तर गाडीतच राहू द्या. वॉरंटीचे कागदही बघा, बऱ्याच कंपन्या ८ वर्षांत ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्त करून किंवा बदलून देतात.

प्रश्न : एवढी कटकट कशाला, सरळ रिसायकलच का नाही करत?

उत्तर : बॅटरीची केमिस्ट्री (आत कोणती रसायनं) बघून ठरवायचं. एनएमसी प्रकारात निकेल-कोबाल्ट असतं, ते काढून विकायला परवडतं. एलएफपी प्रकारात लोखंड आणि फॉस्फेट, लिथियम सोडलं तर हाती फारसं लागत नाही, उलट तिचं सायकल लाइफ (किती वेळा चार्ज-डिस्चार्ज करता येतं ते) मोठं, म्हणून आधी साठवणुकीत वापरायला एलएफपीच जास्त योग्य. फक्त नव्या बॅटऱ्यांच्या किमती उतरतायत, तेव्हा जुनी तपासून जोडून बरीच स्वस्त पडली तरच घ्या.